एबीएसची लाइट लागते, विझते, पुन्हा लागते: ऑफरोड गाडीच्या चाकाचा स्पीड सेन्सर कसा तपासायचा

ताम्हिणी उतरताना डॅशबोर्डवर एबीएसची (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळी लाइट लागते, पाठोपाठ ईएसपीचीही (गाडी घसरू न देणारी यंत्रणा). माणगावला चहाला थांबून गाडी पुन्हा चालू करावी तर दोन्ही गायब. आठवड्याभराने एखाद्या ओढ्यातून गाडी काढली की पुन्हा तेच. अशा वेळी सगळ्यात पहिला सल्ला मिळतो, ‘सेन्सर गेलाय, बदलून टाका’. सेन्सर कधीकधी जातोही. पण पूर्ण मेलेला सेन्सर सहसा लाइट कायमची लावून ठेवतो. अधूनमधून येणाऱ्या दोषाचं मूळ बहुतेक वेळा वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), सेन्सरखालचा गंज किंवा बेअरिंग यांत असतं. म्हणून सेन्सर विकत घेणं ही शेवटची पायरी ठेवा.

आधी एक सावधगिरी. फक्त पिवळी एबीएस लाइट असेल तर साधा ब्रेक लागतो; जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात एवढंच, त्यामुळे अंतर ठेवून चालवा. पण पिवळीबरोबर ब्रेकची लाल लाइटही लागली तर गाडी चालवू नका. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा मागच्या-पुढच्या ब्रेकचा दाब वाटून देणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते. घाटात तर नकोच.

आत काय चालतं

प्रत्येक चाकाच्या हबपाशी, म्हणजे मधल्या भागापाशी, वेग मोजणारा एक सेन्सर असतो आणि त्याच्या समोर चाकाबरोबर फिरणारी एक रिंग. रिंग दोन प्रकारची: दाते असलेली लोखंडी, किंवा बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली चुंबकीय, जिच्यावर उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून असतात. दुसरी डोळ्यांना साध्या काळ्या रबरी सीलसारखी दिसते, आणि घोटाळे तिथेच होतात.

सेन्सरही दोन प्रकारचे. जुना प्रकार म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली कॉइल. चाक फिरलं की ती स्वतःच एसी व्होल्टेज तयार करते. चाक हळू फिरलं तर व्होल्टेज नगण्य. नवा, सक्रिय प्रकार एबीएसच्या मॉड्यूलकडून (चारही सेन्सर वाचणारा छोटा संगणक) वीज घेतो आणि दातागणिक करंट कमी-जास्त करतो, सहसा ७ आणि १४ मिलीअँपिअर. भारतात प्रवासी गाड्यांच्या नव्या मॉडेलना एबीएस एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. ईएसपी असलेल्या २०२० नंतरच्या थारसारख्या किंवा जिमनीसारख्या गाडीत सक्रिय सेन्सर आहे असं धरूनच सुरुवात करा आणि खाली दिलेल्या मोजमापाने खात्री करून घ्या.

ऑफरोडवाल्यांसाठी हा सेन्सर नुसता ब्रेकचा भाग नाही. ब्रेक लावून फिरतं चाक रोखणारी जी यंत्रणा आहे, म्हणजे थारमधलं ब्रेक लॉकिंग डिफरन्शिअल किंवा जिमनीतलं ब्रेक एलएसडी, ती याच चार सेन्सरवर चालते. एक सेन्सर बोलायचा थांबला की चढावर हवेत उचललेलं चाक नुसतं गरगर फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही.

पहिली पायरी: लाइट केव्हा लागते ते लिहून ठेवा

पाना हातात घेण्याआधी आठवडाभर डायरी ठेवा. वेग किती होता, वळण कुठल्या बाजूचं, रस्ता ओला की कोरडा, ब्रेक तापले होते का. पाऊण निदान इथेच होतं.

थांबता थांबता, ताशी ५ ते १० किमीला, ब्रेकच्या पेडलखाली उगाच करकर होते, एबीएस कारण नसताना काम करू लागतं? मग सेन्सर रिंगपासून लांब गेलाय आणि कमी वेगाला सिग्नल अशक्त पडतोय. बहुधा गंज. स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर किंवा एक चाक मोठ्या दगडावर चढून दुसरं खाली लोंबकळल्यावरच लाइट लागते? वायर ताणली जातेय किंवा आतून तुटलीय. वेगात डाव्या वळणावर लाइट, उजव्या वळणावर काही नाही? डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा उजव्या बाजूचं बेअरिंग आधी बघा. ओढा ओलांडल्यावर किंवा गाडी धुऊन आणल्यावर लागते आणि दोन दिवसांनी आपोआप जाते? कपलरमध्ये पाणी. लांब उतारानंतर ब्रेक तापल्यावर लागते? आता मात्र सेन्सरवरच संशय घ्या, कारण आतला बारीक तुटका जोड उष्णतेने उघडतो.

दोन प्रसंग दोषच नसतात. अनेक गाड्यांत फोर-लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) टाकल्यावर ईएसपी आपोआप बंद होतं आणि तशी लाइट लागते. ते ठरवून दिलेलंच आहे. आणि गाडी चिखलात रुतलेली असताना एकच चाक मिनिटभर फिरवत राहिलात तर मॉड्यूलला चार चाकांच्या वेगांचा मेळ लागत नाही आणि ते कोड (स्कॅनरने वाचता येणारी दोषाची नोंद) टाकून मोकळं होतं. कोड पुसा, सरळ रस्त्यावर चालवा, परत आला तरच पुढे जा.

आणि टायर! चार टायरचे आकार, झीज आणि हवा सारखी हवी. २५५/६५ आर १८ टायरचा व्यास सुमारे ७८९ मिमी. तीन टायर ८ मिमी झिजलेले आणि चौथी कोरी स्टेपनी लावली तर व्यासात १६ मिमीचा, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक पडतो. त्यात एका टायरची हवा कमी असेल तर मॉड्यूलचा गोंधळ आणखी वाढतो. टायर फुटल्यानंतर स्टेपनी लावली आणि तेव्हापासून लाइट लागते अशी कहाणी असेल तर सेन्सरच्या वाटेला जाऊच नका.

दुसरी पायरी: कोड वाचा, पण त्यावर आंधळा विश्वास नको

चारशे-पाचशे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइल ॲप बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड दाखवतं. तुमच्या गाडीचं एबीएस मॉड्यूल उघडणारा स्कॅनर हवा. सर्वसाधारण प्रमाणात सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं. कंपन्यांचे स्वतःचे वेगळे आकडेही असतात, म्हणून वर्णन वाचा. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर पुढे तोंड करून बसल्यावरचं.

वर्णनातला शब्द महत्त्वाचा. ‘सर्किट ओपन’ किंवा ‘शॉर्ट’ असेल तर वायर आणि कपलर. ‘सिग्नल अनियमित’ किंवा ‘सिग्नल नाही’ असेल आणि सर्किट ठीक म्हणत असेल तर गॅप (सेन्सर आणि रिंगमधलं अंतर), रिंग, बेअरिंग. कोड पडला त्या क्षणाचा वेग वगैरे साठवलेलं असेल तर त्याचा फोटो काढा आणि मगच कोड पुसा. पुसून आधी, वाचून नंतर, ही चूक फार जण करतात.

मग लाइव्ह डेटात चारही चाकांचे वेग एकाच ग्राफवर लावा. शेजारी दुसरा माणूस बसवा. गाडी चालवणाऱ्याने स्कॅनरकडे बघायचं नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर २०-३० किमीने चालवा. एक रेघ मधूनच शून्याला टेकते ते चाक तुमचं. टेकण्यात ताल आहे का तेही पाहा. वर सांगितलेल्या टायरचा घेर साधारण २.४८ मीटर, म्हणजे २० किमी वेगाला चाक सेकंदाला सव्वादोन फेरे घेतं. रिंगला ४८ दाते असतील तर सेकंदाला सिग्नलचे १०८ ठोके. एखादा दात तुटला किंवा रिंगला चीर गेली तर दर फेऱ्याला एकच ठोका चुकतो. वेग दुप्पट केला की चुकण्याचा तालही दुप्पट. बेताल, मनाला येईल तेव्हा तुटणारा सिग्नल वायरचा. साधा स्कॅनर सेकंदाला मोजकेच आकडे दाखवतो, त्यामुळे एका दाताची चूक त्यात निसटू शकते. ऑसिलोस्कोप (सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन जवळ असेल तर त्याचे पैसे वाजवी समजा.

तिसरी पायरी: चाक काढा आणि नुसतं बघा

सपाट जागा, हँडब्रेक, दुसऱ्या बाजूच्या चाकाखाली दगड, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. एकट्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका.

सेन्सरपासून वायर बोटांत धरून बॉडीतल्या कपलरपर्यंत इंच इंच सरका. वायर जिथे क्लिपमध्ये धरलेली असते ती प्रत्येक क्लिप जागेवर आहे का बघा; ऑफरोडिंगमध्ये काटेरी झुडुपं आणि दगड क्लिपा उपटतात, मग सुटी वायर टायरला किंवा रिमला घासते. पुढच्या चाकापाशी वायर स्टिअरिंग आणि सस्पेन्शन दोन्हींबरोबर हलते. मागे सलग एक्सल असेल तर एक्सलवरून चॅसिसवर जाते तिथे. याच दोन जागा तुटण्याच्या. बाहेरून रबर धड दिसतं आणि आत तांब्याच्या तारा तुटलेल्या असतात. चिमटीत धरून वाकवा. जिथे वायर शेजारच्या भागापेक्षा लिबलिबीत लागते, तिथे आत तांबं उरलेलं नाही.

गाडी उंचावली असेल, म्हणजे लिफ्ट किट बसवलं असेल, तर चाक पूर्ण खाली लोंबकळू द्या आणि वायर ताठ होतेय का पाहा. मूळ लांबीची वायर कमी पडते, आणि किट बसवताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. उपाय सोपा: क्लिपची जागा बदलून ढील द्या. वायरला जोड देऊन लांब करू नका.

कपलर उघडा. आत हिरवट पूड दिसली तर पाणी शिरलंय. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसं तांबं कळकतं आणि तो हिरवेपणा केशिकांसारखा तारांतून वर चढत जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. पिनची पकड बघा: सैल झालेली मादी पिन हे अधूनमधून येणाऱ्या दोषाचं फार आवडतं घर आहे. रबरी सील फाटलं असेल तर कपलर बदला. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस सीलला पातळसं. पिनांच्या खोबणीत ठासून भरायचं नाही. आणि धुणाऱ्याला सांगा, प्रेशरचा पाइप हबच्या आतल्या बाजूला धरू नको.

आता इंजिन बंद, इग्निशन चालू, स्कॅनरवर कोडचं पान उघडं ठेवून वायर, क्लिप, कपलर एकेक हलवा, ओढा, वाकवा. मोठ्या आवाजात सांगणारा माणूस आत बसलेला असावा. हलवताना कोड पडला की जागा सापडली.

चौथी पायरी: मल्टिमीटर

नवखे इथे सेन्सर मारतात. सक्रिय सेन्सरवर ओहमचा मीटर लावू नका. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. मिळणारा आकडा निरर्थक असतो आणि मीटरच्या विजेने सेन्सर बिघडू शकतो.

आधी प्रकार ओळखा. सेन्सरचा कपलर काढा, इग्निशन चालू करा आणि गाडीच्या बाजूच्या दोन पिनांत व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या आसपास, १० ते १२ व्होल्ट, म्हणजे सक्रिय. एक-दोन व्होल्ट म्हणजे जुना कॉइलवाला. इग्निशन टाकल्या टाकल्या मोजा. बरेच मॉड्यूल सर्किट तुटलेलं दिसलं की तो पुरवठाच बंद करतात, आणि मग शून्य बघून माणूस वायर शोधत बसतो.

सक्रिय सेन्सरसाठी मीटर मिलीअँपिअरवर ठेवून पुरवठ्याच्या वायरमध्ये रांगेत जोडा, म्हणजे करंट मीटरमधून जाईल असा. दोन पिनांवर समांतर लावलात तर शॉर्ट. मग चाक अगदी सावकाश, बोटाने ढकलल्यासारखं फिरवा. आकडा ७ च्या आसपास, मग एकदम १४, मग पुन्हा ७. ही उडी स्वच्छ हवी. चाक पूर्ण एक फेरा फिरवा आणि एखाद्या जागी उडी चुकते का पाहा. चुकत असेल तर टायरवर खडूने खूण करा. दुसऱ्या फेऱ्यातही त्याच खुणेपाशी चुकली तर रिंग, नाहीतर सेन्सर किंवा वायर. काही सेन्सर दिशाही सांगतात, त्यांचे आकडे वेगळे पडतात. अशा वेळी त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूशी तुलना करा.

कॉइलवाल्या सेन्सरचा रोध सहसा ८०० ते २५०० ओहमच्या दरम्यान असतो. नेमक्या आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला सारखेपणा महत्त्वाचा. मोजत असताना वायर वाकवा. आकडा उड्या मारायला लागला तर झालं. दोन्ही पिनांपासून बॉडीपर्यंत जोड दाखवता कामा नये. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरा फिरवलं तर व्होल्टचा काही भाग तरी दिसला पाहिजे.

वायरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: दहातली एक तार शिल्लक असली तरी ओहम मीटर ‘ठीक’ म्हणतो. म्हणून दोन्ही टोकं सोडवून, म्हणजे सेन्सरचाही कपलर काढून आणि एबीएस मॉड्यूलचाही, त्या एका वायरमधून ५ वॉटचा १२ व्होल्टचा बल्ब पेटवा आणि वायर हलवा. बल्ब मंद झाला किंवा लुकलुकला की तुटका भाग तिथेच. मॉड्यूल सोडवल्याशिवाय हा प्रयोग करायचा नाही, मॉड्यूल जळेल. त्याची किंमत सेन्सरच्या कैक पट असते.

तापल्यावर येणाऱ्या दोषासाठी घरातला हेअर ड्रायर पुरतो. सेन्सर जागेवर असतानाच गरम करा आणि वरची मोजमापं पुन्हा घ्या.

पाचवी पायरी: गॅप, गंज, रिंग, बेअरिंग

चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली किंवा फिरवताना घरघर आली तर बेअरिंग संपलंय. सेन्सर आणि रिंगमध्ये अंतर मिलिमीटरच्या आसपासच असतं. बेअरिंगचा थोडासा प्लेही सिग्नल बिघडवतो.

मग सेन्सर बाहेर काढा. बहुतेकदा एकच बोल्ट, १० च्या पान्याचा. बोल्ट सहज निघतो, सेन्सर निघत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांत तर प्लास्टिकचं अंग गंजात चिणल्यासारखं बसतं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी डावीकडे-उजवीकडे किंचित पिळत काढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की डोकं हातात आणि अर्धा सेन्सर आत. म्हणूनच ‘डावा-उजवा सेन्सर अदलून बघा’ हा सल्ला सरसकट मानू नका. सहज निघत असतील आणि दोन्ही बाजूंची वायर सारखी असेल तरच.

सेन्सरचं टोक बघा. लोखंडी कीस केसांसारखा चिकटलेला असेल तर पुसा. ब्रेक डिस्कची पूड तर असतेच; रत्नागिरीकडच्या काळ्या रेतीतही लोहखनिज असतं, तिच्यावरून साधं चुंबक फिरवलं तरी कळतं. ती रेती चुंबकीय रिंगवर बसली की ध्रुवांचा पाढा चुकतो.

सेन्सर ज्या पृष्ठावर बसतो ते पृष्ठ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तिथे गंज फुगतो आणि सेन्सरला वर उचलतो. अर्धा मिमी उचलला तरी कमी वेगाचा सिग्नल जातो. भोकात कापडाचा बोळा घाला, म्हणजे गंज आत हबमध्ये पडणार नाही, आणि पृष्ठ वायर ब्रशने चकाकेपर्यंत साफ करा. भोकाच्या आत पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून फिरवा. बोळा काढायला विसरू नका. बसवताना सेन्सरच्या अंगाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, टोक कोरडं. बोल्ट बेताने, साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर. लांब पाना लावून जोर काढायची ही जागा नव्हे.

दात्यांची रिंग असेल तर टॉर्च लावून चाक फिरवत प्रत्येक दात बघा. दोन दातांमध्ये अडकलेला खडा किंवा वाळलेली लाल माती लाकडी काडीने काढा. रिंगला आरपार चीर असेल तर ती बदलायचीच. चुंबकीय रिंग डोळ्यांनी तपासता येत नाही. चुंबकीय पट्टे दाखवणारं हिरवं कार्ड मिळतं, ते रिंगवर धरलं की ध्रुवांच्या रेघा दिसतात. एखाद्या जागी रेघा पुसट किंवा तुटक असतील तर बेअरिंगच बदलावं लागतं.

बेअरिंग नुकतंच बदललं आणि तेव्हापासून सिग्नलच नाही? बहुधा ते उलटं बसलंय. चुंबकीय सील सेन्सरच्या बाजूला, आत हवं. बसवण्याआधी त्या कार्डाने किंवा पेपरक्लिपने बाजू तपासावी. नंतर कळलं तर प्रेसवर काढताना नवं बेअरिंगही जातं.

बदलायचं ठरलं तर

नवा सेन्सर गाडीच्या चॅसिस नंबरवरून मागवा. दिसायला सारख्या सेन्सरमध्ये करंटची पद्धत वेगळी असू शकते. वायर मूळ वाटेनेच न्या, प्रत्येक क्लिपसकट. हलणाऱ्या भागात सोल्डरचा जोड देऊ नका, तो कडक होतो आणि त्याच्या शेजारी वायर पुन्हा तुटते. न हलणाऱ्या भागात जोड द्यावाच लागला तर दोन वायरींचे जोड पुढे-मागे ठेवा, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि वायरींचा पीळ तसाच राखा. तो पीळ शोभेचा नाही, बाहेरचा विजेचा गोंगाट तो अडवतो.

चाक बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून वायर कुठे घासत नाही ना ते पाहा. कोड पुसा. काही गाड्यांत लाइट लगेच विझत नाही. ताशी १५-२५ किमीच्या पुढे गेल्यावर मॉड्यूल स्वतःची तपासणी करतं आणि मगच विझवतं. ग्राफ लावून पुन्हा तोच सरळ रस्ता चालवा, मग डायरीत लिहिलेली परिस्थिती मुद्दाम घडवा: तेच वळण, तसाच तापलेला ब्रेक, तसंच पाणी. नुसती लाइट गेली म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही, ती तर आधीही माणगावला जातच होती.